दुखणं अंगावर काढू नका: स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरची औषधं चालू असताना घर, काम आणि झोप कशी सांभाळावी

ओपीडीत डॉक्टर विचारतात, "कसं वाटतंय?" बाई तोंड उघडायच्या आत नवरा किंवा मुलगा सांगून मोकळा होतो, "तशी बरी आहे." बाईही मान डोलावते. बाहेर रांग असते, स्कॅनचा रिपोर्ट दाखवायचा असतो, पुढच्या गोळ्या लिहून घ्यायच्या असतात. दुखण्याचा विषय राहतो तो राहतोच. घरी मात्र रात्री कूस बदलताना कळ येते आणि सकाळी दुधाची पिशवी कापायला बोटं वळत नाहीत.

न सांगण्यामागे आळस नसतो, भीती असते. एक म्हणजे, सांगितलं तर औषध बंद करतील. दुसरी, आजार वाढलाय असं निघेल. पहिल्या भीतीला उत्तर सोपं आहे. या औषधांचा डोस कमी करण्याच्या पायऱ्या मुळातच ठरलेल्या असतात. पाल्बोसिक्लिब (कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारी गोळी) १२५ मिलिग्रॅमवरून १०० आणि मग ७५ वर आणता येतं, कॅपेसिटाबिन (केमोची गोळी) काही दिवस थांबवून कमी डोसवर पुन्हा सुरू करता येतं. दुसऱ्या भीतीला गोड उत्तर नाही. पण आजार वाढला असेल तर तो न सांगितल्याने थांबत नाही आणि वाढला नसेल तर बाई फुकट सोसत राहते.

मी डॉक्टर नाही. वन्संच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, फाईलची पिशवी सांभाळणारी भावजय आहे. खाली लिहिलंय ते डॉक्टरांशी बोलायची तयारी म्हणून वाचावं. डोस मनाने वाढवायला किंवा तोडायला नव्हे.

आधी हे: सोमवारपर्यंत थांबायचं नाही अशा गोष्टी

बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल, हे आधी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

- पाठीत किंवा मानेत नवं दुखणं, जे आडवं झाल्यावर किंवा खोकताना वाढतं; छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं; पाय लटपटणं, बधिर होणं; लघवी-संडासवरचा ताबा जाणं किंवा लघवी अडकणं. मणक्यातल्या गाठीचा मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, हॉस्पिटल गाठायचं. पाय चालते आहेत तोवर उपचार सुरू झाले तर ते चालते राहण्याची शक्यता खूप जास्त असते.
- केमो किंवा पाल्बोसिक्लिब-रायबोसिक्लिबसारख्या गोळ्या चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप. क्रोसिन देऊन ताप उतरतोय का बघत बसायचं नाही, आधी फोन करायचा. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतील तर जंतुसंसर्ग काही तासांत हाताबाहेर जातो.
- कुशीवर वळताना, वाकताना अचानक जोराची कळ आणि मग त्या पायावर भार टाकता न येणं. हाड मोडलेलं असू शकतं. "जरा चालून बघ" म्हणू नका.
- फार तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, सुस्ती, असंबद्ध बोलणं हे सगळं एकत्र आलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. "गोळ्यांची गुंगी असेल" असं म्हणून सोडू नका.
- एकच पाय सुजून दुखणं, अचानक धाप लागणं. किंवा नवी डोकेदुखी, सोबत उलटी, नजर अंधुक होणं, फिट येणं.

दुखणी वेगवेगळी करा

"अंग दुखतं" या दोन शब्दांवर डॉक्टर पॅरासिटामॉलपलीकडे फार काही देऊ शकत नाहीत. एकाच अंगात तीन-चार कारणांची दुखणी असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो.

*हाडातली ठणक.* स्तनाचा कॅन्सर पसरतो तेव्हा सगळ्यात जास्त वेळा हाडांत जातो: मणके, खुबा, बरगड्या, मांडीचं हाड. हे दुखणं खोल असतं, बोट ठेवून दाखवता येतं, रात्री वाढतं, भार टाकला की वाढतं. यावर गोळ्यांखेरीज रेडिएशन हा फार चांगला उपाय आहे. दुखऱ्या हाडाला ८ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप) एकच डोस बऱ्याच जणींना पुरतो, रोजच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. फक्त दोन गोष्टी माहीत असू द्या. पहिले काही दिवस दुखणं उलट वाढू शकतं आणि खरा आराम पडायला काही आठवडे जातात. "लाइट देऊनही उपयोग नाही" हा निकाल चौथ्या दिवशी लावू नका.

हाडं धरून ठेवायला झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाइन (४ मिलिग्रॅम) महिन्याने किंवा बारा आठवड्यांनी देतात, नाहीतर डेनोसुमॅबचं इंजेक्शन. झोलेड्रोनिकच्या पहिल्या वेळी एक-दोन दिवस फ्लूसारखी कणकण आणि अंगदुखी होते. ताप आला तर फोन करून विचाराच. ही औषधं सुरू व्हायच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन किडलेले, हलणारे दात निस्तरून घ्या. नंतर दात काढावा लागला तर जबड्याचं हाड भरून येण्यात अडचण येऊ शकते. दंतवैद्याला "हाडांचं इंजेक्शन चालू आहे" हे दर वेळी सांगायचं.

*आखडलेले सांधे.* लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल, एक्सिमेस्टेन या गोळ्यांनी इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन जवळजवळ संपतं आणि सांधे कुरकुरू लागतात. ओळख अशी: सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत, गुडघे धरतात, दोन्ही बाजूंना सारखंच होतं आणि हालचाल सुरू झाली की सैल पडतं. सुरुवातीच्या काही आठवड्या-महिन्यांत हे डोकं वर काढतं. विचित्र वाटेल, पण यावर विश्रांतीपेक्षा हालचाल जास्त कामाची. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत या गोळ्या घेणाऱ्या बायकांनी वर्षभर आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोनदा ताकदीचे व्यायाम केले, तेव्हा सांध्यांचं सर्वात जास्त दुखणं साधारण २९ टक्क्यांनी उतरलं. त्या बायकांचा आजार पसरलेला नव्हता, म्हणून हाडांत गाठी असतील तर काय उचलायचं, किती वाकायचं हे आधी विचारून घ्या. त्यानेही भागलं नाही तर याच गटातली दुसरी गोळी देऊन बघतात. एक सोसत नाही म्हणून दुसरी सोसणार नाही असं नसतं.

*मुंग्या, आग, सणक.* पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल या केमोच्या औषधांनी हातापायांच्या टोकांच्या नसा दुखावतात. बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटली ते कळत नाही. हे पहिल्या मुंग्यांनाच सांगायचं, कारण डोस कमी करण्याचा किंवा अंतर वाढवण्याचा उपयोग लवकर केला तरच. साध्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. ड्युलोक्सेटिन नावाची गोळी काहींना देतात, पण टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते डॉक्टरांच्या ध्यानात आणून द्या, दोन्हींची गाठ पडणं बरं नाही. बधिर पायांना गरम पाण्याच्या पिशवीचा शेक नको. चटका बसलेला कळत नाही, फोड आल्यावर कळतं.

याच पॅक्लिटॅक्सेलनंतर एक ते तीन दिवसांत मांड्या-पिंढऱ्या भरून येतात, अंग ठेचून काढल्यासारखं दुखतं आणि आठवडाभरात ओसरतं. ते निराळं.

*काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशी, वाढवायच्या इंजेक्शनचं दुखणं.* केमोनंतर पोटावर किंवा दंडावर देतात ते. त्यानंतर कंबर आणि खुब्यात दोन-तीन दिवस ठणका लागतो, कारण हाडाच्या आतला मगज जोरात पेशी बनवत असतो. घरात घबराट उडते, "हाडात पसरलं की काय?" इंजेक्शनच्या तारखेशी ताडून बघा.

*तळहात-तळपाय.* कॅपेसिटाबिनने लाल होतात, हुळहुळतात, सालं निघतात. कडक गरम पाण्यात भांडी घासणं, घट्ट पट्ट्यांची चप्पल, लांब चालणं टाळा. युरियाचं क्रीम नियमाने लावा. दिल्लीच्या एम्समधल्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डायक्लोफेनॅकचं जेल पहिल्यापासून लावणाऱ्यांत हा त्रास मध्यम ते तीव्र होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आलं. साधं, स्वस्त जेल आहे. गोळ्या सुरू व्हायच्या दिवशीच डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

फुल्वेस्ट्रंट या हार्मोनवरच्या औषधाची इंजेक्शनं दोन्ही कुल्ल्यांत एकेक अशी तेलकट, जाडसर असतात. सिस्टरना "जरा सावकाश द्या" म्हणायला लाजू नका, सावकाशच द्यायची असतात. त्या दिवशी स्कूटर नको.

कॅलेंडरवर लिहा

वेगळी वही चार दिवसांत मागे पडते. भिंतीवरचं कालनिर्णय आहेच. जिथे दुधाचा खाडा लिहितो त्याच चौकोनात चार गोष्टी लिहायच्या. दिवसातलं सर्वात वाईट दुखणं शून्य ते दहात किती, कुठे, त्यामुळे काय अडलं, ठरल्याव्यतिरिक्त किती गोळ्या लागल्या. वन्संच्या एका चौकोनात असं आहे: "६. उ. मांडी. जिना नाही. १ जास्त." एवढंच.

यातली तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. दुखण्याचा आकडा माणसागणिक बदलतो. सोसायची सवय असलेली बाई आठला चार म्हणते. पण "जिना उतरता आला नाही" यात घासाघीस नसते. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टर जी प्रश्नावली वापरतात, तिच्यातही दुखणं किती याच्या जोडीला ते सात ठिकाणी किती आडवं येतं हे विचारतात: वावरणं, मनःस्थिती, चालणं, काम, माणसांशी वागणं, झोप आणि जगण्यातली गोडी. यातलं शेवटचं घरात कोणी विचारत नाही. विचारा.

औषधाच्या दोन-तीन सायकलींनंतर, म्हणजे फेऱ्यांनंतर, पानावर नक्षी उमटते. तिसरा-चौथा दिवस वाईट, दुसऱ्या आठवड्यापासून बरं, असं काहीसं. मग बारसं, बँकेचं काम, लक्ष्मी रोडची खरेदी बऱ्या दिवसांत टाकता येते आणि वाईट दिवसांसाठी डबा आधीच सांगता येतो.

ओपीडीत काय बोलायचं

कॅलेंडरचा फोटो काढून न्या आणि चिठ्ठीवर तीनच वाक्यं लिहा. उदाहरणार्थ: "उजव्या खुब्यात रात्री ठणकतं, दोनदा जाग येते. लेट्रोझोल सुरू झाल्यापासून सकाळी तासभर मूठ मिटत नाही. ट्रामाडोलने चार तास बरं वाटतं, पण चार दिवस पोट साफ नाही." एवढ्यावर डॉक्टर लगेच कामाला लागू शकतात. बोलायचं बाईने. सोबतच्याने राहिलेलं पुरवायचं.

फाईलवर ईसीओजी, म्हणजे बाई कितपत हिंडती-फिरती आहे याचं माप, आणि पुढे एक आकडा दिसेल. शून्य म्हणजे सगळं पूर्ववत. १ म्हणजे जड काम जमत नाही, हलकं जमतं. २ म्हणजे स्वतःचं सगळं करते, अर्ध्याहून जास्त दिवस उठून असते, पण कामधंदा होत नाही. ३ म्हणजे जागेपणातला निम्म्याहून जास्त वेळ खाटेवर किंवा खुर्चीत आणि ४ म्हणजे पूर्ण परस्वाधीन. पुढचं औषध कोणतं, किती कडक, हे ठरवताना हा आकडा बघितला जातो. म्हणून "तशी बरी आहे" हे उत्तर निरुपद्रवी नाही. आणि दुखण्यामुळे खाटेवर असलेली बाई दुखणं आवरलं तर दोनवर, एकवर येऊ शकते.

गोळ्या घड्याळावर

दुखणं सतत असेल तर "फारच झालं की घेईन" हा हिशोब महागात पडतो. चढलेलं दुखणं उतरवायला जास्त औषध लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ पासून हेच सांगितलंय: शक्यतो तोंडाने आणि घड्याळ बघून. ठरल्या वेळच्या गोळ्या वेगळ्या, मध्येच उफाळणाऱ्या दुखण्यासाठीची जादा गोळी वेगळी. ती जादा गोळी रोज तीन-चारदा लागत असेल तर मूळ डोस अपुरा आहे, फोन करा.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लो किंवा ॲसिक्लोफेनॅक आणून गिळण्याची आपली जुनी खोड. केमोत प्लेटलेट कमी असतात, झोलेड्रोनिकने मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. त्यात या गोळ्यांनी रक्तस्राव, अल्सर, क्रिएटिनिन वाढणं (मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण) होऊ शकतं. विचारल्याशिवाय नको. पॅरासिटामॉलही जोडगोळ्यांत लपलेलं असतं, पाकिटावरचं मागचं वाचा; लिव्हरमध्ये आजार असेल तर दिवसाची मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्या. सांधेदुखीच्या अनाम भुकट्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. काढे, गुग्गुळ, हळदीच्या कॅप्सूल जे काही चालू असेल ते डॉक्टरांपुढे ठेवा. पाल्बोसिक्लिब-रायबोसिक्लिबवर ग्रेपफ्रूट नको आणि त्याच्याच जातकुळीतलं पपनसही टाळलेलं बरं.

मॉर्फिनचं नाव निघालं की घरात सन्नाटा. मॉर्फिन शेवटच्या घटकेला देतात, ही समजूत अजून गेलेली नाही. ते दुखण्याच्या तीव्रतेवर देतात, उरलेल्या दिवसांवर नाही. रेडिएशनने आराम पडला की कमी करून बंदही करतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं क्वचितच घडतं. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, सावकाश विरघळणारीचा बारा. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ येते, मग बहुतेकींची जाते. जात नाही ते बद्धकोष्ठ. त्यामुळे मॉर्फिनची, ट्रामाडोलचीसुद्धा, पहिली गोळी सुरू होते त्याच दिवशी पोट साफ होण्याचं औषध सुरू व्हायला हवं. इथे इसबगोल नको; आतडी मंदावलेली असतात, ते फुगून तिथेच बसू शकतं. फेंटानिलचा पॅच (मॉर्फिनच्याच जातीचं, कातडीवर चिकटवायचं औषध) असेल तर त्यावर शेक नाही, कढत पाणी नाही. उष्णतेने औषध जास्त झिरपतं. तापातही तेच होतं. डुलक्या वाढल्या, श्वास मंदावला, हाक मारून उठेना, तर लगेच हॉस्पिटल.

घरातली कामं

कुठलं काम सोडायचं हे तिने ठरवावं. माया म्हणून सगळंच हातातून काढून घेतलं की बाई रिकामी पडते आणि रिकामपणात दुखणं मोठं होतं. वन्संनी कणीक आणि पोळ्या सोडल्या. पुण्यात पोळी-भाजी केंद्रांची वाण नाही. आमटीची फोडणी मात्र त्यांचीच. ओट्यापाशी उंच स्टूल आहे, त्यावर बसून एक हात ओट्यावर टेकवतात, मोहरी तडतडली की कढीपत्ता टाकतात आणि मिसळणाचा डबा जागच्या जागी ठेवायला मला सांगतात.

बोटं आखडत असतील तर उठल्यावर कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून मुठी उघडा-मिटा, मग कामाला लागा. जाड मुठीचा चमचा-सुरी घ्या, बाटल्यांची झाकणं आदल्या रात्री सैल करून ठेवा. हाडांत आजार असेल तर पाण्याची भरली बादली, कुकर, गव्हाची पिशवी, नातवंड यांपैकी काहीही खाली वाकून उचलायचं नाही. कमरेतून पीळ देऊन वळायचंही नाही. मालिशवाल्या बाईला पाठ रगडू देऊ नका.

जमिनीवरची गादी सोडून खाटेवर या. खाट इतकी उंच हवी की बसल्यावर तळपाय जमिनीला टेकतील. न्हाणीघरात प्लॅस्टिकचं स्टूल, भिंतीला धरायला दांडी, अर्धी बादली, न घसरणारी चटई. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची सर्जिकल दुकानांत मिळते. रात्री संडासापर्यंत दिवा चालू ठेवा; बधिर पायांना अंधारात जमीन सापडत नाही.

स्कूटर हा पुण्यातला नाजूक विषय. गाडी सुटली की स्वातंत्र्य सुटलं असं वाटतं. पण तळपाय बधिर असतील, मणक्यात किंवा खुब्यात आजार असेल, किंवा मॉर्फिन नुकतंच सुरू झालंय वा वाढवलंय, तर चालवायची नाही. मागे बसून जाणंही मणक्याच्या आजारात वाईट, आपले स्पीडब्रेकर सगळ्यांना ठाऊक आहेत. रिक्षापेक्षा चारचाकीत पुढच्या सीटवर, सीट थोडी मागे कलती करून बसा. वनाझ ते रामवाडी मेट्रोचा मार्ग सोयीचा पडत असेल तर हादरे सगळ्यांत कमी तिथे. लिफ्ट आहे, जिन्याचा हट्ट नको.

पुण्यात मदत कुठे

वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे. कॅन्सरच्या रुग्णांना तिथे मोफत सेवा मिळते: दुखण्यावर औषधं, दाखल होऊन आराम, घरच्यांना शिकवणं. उपचार संपल्यावरच तिथे जायचं, असं नाही. केमो चालू असताना दुखणं आवरून घ्यायला जाता येतं. माझं मत विचाराल तर पसरलेल्या आजाराचं निदान झालं की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच एकदा जाऊन ओळख करून ठेवावी. मॉर्फिन कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही, अमली पदार्थांच्या कायद्याखाली मान्यता असलेल्या संस्थांतूनच मिळतं, २०१४ च्या दुरुस्तीने ते पूर्वीपेक्षा सुटसुटीत झालं, तरी हॉस्पिटलमध्ये "इथे मिळतं का, किती दिवसांचं देता?" हे आधीच विचारून ठेवा.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटल आणि उपचार बसतात का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. पाल्बोसिक्लिबचं पेटंट भारतात २०२३ च्या जानेवारीत संपलं, त्यानंतर बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. जुन्याच महागड्या ब्रँडवर असाल तर डॉक्टरांना पर्याय विचारायला हरकत नाही.

आणि सणावाराचं बघा. गणपतीत, विशेषतः अनंत चतुर्दशीला आणि दुसऱ्या दिवशी मिरवणूक संपेपर्यंत, लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड बंद असतात आणि आसपासच्या गल्ल्या तुंबतात. पेठांत राहत असाल तर आठवडाभर आधी दुखण्याच्या आणि पोट साफ होण्याच्या गोळ्या मोजा, दहा दिवसांचा साठा करा, केमोची तारीख त्या दिवसांत येत असेल तर आधीच बोलून घ्या. वाईट दिवस नेमके विसर्जनात येणार असं कॅलेंडर सांगत असेल तर दोन रात्री कोथरूड-वारज्याकडच्या एखाद्या नातेवाइकाकडे काढा. ढोलताशांपासून झोपही वाचेल. निघताना फाईल, औषधांची यादी आणि हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर एकाच पिशवीत घ्या. ॲम्ब्युलन्ससाठी १०८.